गर्भपाताच्या गोळ्यांनंतर गर्भनिरोधन: पाळी येण्याची वाट पाहू नका

गोळ्या घेतल्या, अंगावरून गेलं, पोटात कळा यायच्या थांबल्या. आता एकदा पाळी येऊ दे, मग साधनाचं बघू, असं बहुतेक जणी ठरवतात. नेमकी इथेच गफलत होते. गोळ्यांनी गर्भपात झाल्यावर पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांनी येते, पण बीज पाळीच्या आधी सुटतं, आणि ते अगदी आठव्या-दहाव्या दिवशीही सुटू शकतं. म्हणजे मधे एकही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात. वर बाईची समजूत अशी की गोळ्यांमुळेच पाळी लांबली असेल. त्यामुळे साधन ठरवायचं ते गोळ्या घेण्याच्या दिवशीच, पाळी आल्यावर नाही.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाल तेव्हा

भारतात डॉक्टरांच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोन, तिसऱ्या दिवशी मिसोप्रोस्टॉल आणि पंधराव्या दिवशी तपासणी, असा इथला नेहमीचा क्रम. (मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेतल्या असतील, तर निदान तपासणीला तरी जा. कुणी रागावेल म्हणून जायचं टाळू नका.)

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगा: रक्तदाब आहे का, डोळ्यांपुढे चमकून मग उठणारी अर्धशिशी आहे का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, बाळ अंगावर पितं का, वय पस्तिशीपुढे असून विडी-सिगारेट ओढता का. यातलं काही असेल तर माला-एनसारखी रोजची गर्भनिरोधक गोळी बहुधा तुमच्यासाठी नाही. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यांनी या गोळीचा असर कमी होतो.

आणि एक लक्षात ठेवा. अठरा वर्षांवरच्या बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. ‘तांबी (पिशवीत बसवायची कॉपर-टी) बसवून घेणार असाल तरच गर्भपात करू’ अशी अटही कुणी घालू नये. 1921 साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याला शंभर वर्षं उलटून गेली, तरी ही दोन वाक्यं अजून लिहावी लागतात.

पहिला ते तिसरा दिवस: गोळी की इंजेक्शन

रोजची गोळी गर्भपाताच्या पहिल्या गोळीपासूनच सुरू करता येते, आपल्याकडे बरेच डॉक्टर तिसऱ्या दिवसापासून देतात. त्या दिवशी मळमळ, उलटी होण्याचा संभव असतो, म्हणून पोट शांत झाल्यावर घेतलेली बरी. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली, तर त्याच पाकिटातली दुसरी घ्या. गर्भपातापासून सात दिवसांच्या आत सुरू केली तर वेगळी काळजी लागत नाही. त्यानंतर सुरू केली, तर पहिले सात दिवस निरोधही वापरा. एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर पुढचे सात दिवस पुन्हा निरोध. पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्या चुकल्याने दिवस राहत नाहीत.

छाया ही लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. समजा पहिली रविवारी घेतली, तर दुसरी बुधवारी. तीन महिने रविवार-बुधवार चालू ठेवायचं, चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा, कारण ‘आठवड्यातून एकदा’ हीच गोष्ट विसरायला सगळ्यात सोपी. छायाने काही जणींची पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर दिवस राहिले आहेत का ते तपासा.

अंतरा हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं. टोचलेली जागा चोळू नका, शेकूही नका. पहिल्याच दिवशी ते घेतलं तर गर्भ टिकून राहण्याची शक्यता किंचित वाढते, म्हणून घेतलंत तर पंधराव्या दिवसाची तपासणी अजिबात चुकवू नका. लवकरच मूल हवं असेल तर मी अंतरा सुचवणार नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात.

पंधरावा दिवस: तांबी

गर्भपात पूर्ण झाला, पिशवीत काही उरलं नाही, याची खात्री झाल्यावरच तांबी बसवतात. खात्री डॉक्टरांच्या तपासणीने किंवा सोनोग्राफीने होते. घरच्या लघवीच्या चाचणीवर या दिवसांत भिस्त ठेवू नका. गर्भपात नीट झालेला असला तरी तीन-चार आठवडे दोन रेघा दिसू शकतात. ताप असेल किंवा अंगावरून घाण वासाचं जात असेल, तर आधी उपचार, मग तांबी.

380-ए तांबी दहा वर्षं चालते, 375 पाच वर्षं. सुरुवातीचे तीन ते सहा महिने पाळीला रक्तस्राव जास्त होतो आणि पोट दुखतं, हे आधीच माहीत असलं म्हणजे घाबरून काढून टाकण्याची घाई होत नाही. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विचारलंत तर सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवून मिळते.

तांबीचा विचार असणाऱ्यांनी मधल्या दोन आठवड्यांकडे दुर्लक्ष करू नये. बीज आठव्या दिवशीही सुटू शकतं हे वर आलंच आहे. रक्तस्राव थांबेपर्यंत संबंध टाळले तर उत्तम, नाहीतर प्रत्येक वेळी निरोध. तो फाटला तर 72 तासांच्या आत आपत्कालीन गोळी घ्या, जितकी लवकर तितकी बरी. मात्र दर महिन्याचं साधन म्हणून ती नाही. ‘सुरक्षित दिवस’ मोजणं तर पाळी नियमित होईपर्यंत सोडूनच द्या.

कधी थांबू नये

लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड भिजले, 100.4 अंशांवर ताप दिवसभराहून जास्त राहिला, पोटात असह्य दुखलं, किंवा मिसोप्रोस्टॉल घेऊन 24 तास उलटले तरी रक्तस्राव झालाच नाही, तर लगेच दवाखाना गाठा. शेवटच्या लक्षणात गर्भ नळीत असण्याचाही धोका असतो. रोजची गोळी चालू असताना पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली किंवा अचानक दिसेनासं झालं, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. थोडेसे डाग पडणं मात्र नेहमीचं आहे, त्यासाठी साधन सोडू नका.

घरात मुलं पुरे झाली असतील तर

पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी ही बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची. ती लगेच लागू मात्र पडत नाही. तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत असं दिसेपर्यंत निरोध किंवा बायकोची गोळी चालूच ठेवावी लागते.