जुन्या रहस्यपटांतील आणि भयपटांतील स्त्री : विश्लेषण करताना या चुका टाळा

इंदूरमधील आमच्या चित्रपट रसग्रहण गटात जुना रहस्यपट पाहून झाला की सदस्य टिपणे लिहून आणतात आणि विषय स्त्रीचित्रणाचा असला की त्यांतील बरीचशी एकाच ठिकाणी अडखळतात : नायिकेचे शेवटी काय झाले, एवढ्यावरून चित्रपटाचा निकाल लावला जातो. ती मेली तर चित्रपट स्त्रीद्वेष्टा, वाचली तर पुरोगामी. वास्तविक रहस्यपटाचे बळ कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणापासून काय लपवले आहे, यात असते. स्त्रीचे स्थानही तेथेच शोधावे लागते.

हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) घ्या. नायिका मॅरियनने ४० हजार डॉलर चोरले म्हणून तिला शिक्षा झाली, हे वाक्य हमखास वाचायला मिळते. प्रत्यक्षात ती आंघोळीला जाण्यापूर्वी खर्च झालेल्या पैशांचा हिशेब कागदावर मांडते, तो कागद फाडते आणि त्याचे तुकडे शौचालयात टाकून पाणी सोडते; परत जाण्याचे तिने तोवर ठरवलेले असते. म्हणजे खून होतो तो पश्चात्तापानंतर, तोही चित्रपट निम्मा होण्याच्या आत. खरी अस्वस्थ करणारी जागा त्यापुढे आहे. ती उतरलेल्या मोटेलचा चालक नॉर्मन तिची गाडी दलदलीत ढकलतो, गाडी बुडता बुडता मध्येच थांबते, आणि जिच्यासोबत आपण एवढा वेळ प्रवास केला तिचा मृतदेह त्याच गाडीत आहे हे माहीत असूनही ती लवकर बुडावी, असे आपल्याला वाटून जाते. दिग्दर्शकाने प्रेक्षकाची सहानुभूती स्त्रीकडून पुरुषाकडे कशी वळवली, याची नोंद नसलेले टिपण अपुरेच म्हणावे लागेल.

दुसरी चूक तयार सिद्धान्ताची. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात पुरुषी नजरेची (म्हणजे पडद्यावरील स्त्रीला पाहण्याची वस्तू मानणाऱ्या नजरेची) मांडणी केली आणि त्यात हिचकॉकचे चित्रपटही तपासले. पण निबंध आधी वाचून चित्रपट त्यात कोंबला की विसंगत दृश्ये दिसेनाशी होतात. ‘व्हर्टिगो’ (१९५८) बराचसा नायक स्कॉटीच्या नजरेने चालतो, हे खरे. तरीही उत्तरार्धात, दुसरीच स्त्री असल्याचे सोंग करून त्याला फसवलेली ज्युडी पत्र लिहायला बसते, सारे कारस्थान आपल्यासमोर उघड होते, ती ते पत्र फाडून टाकते आणि तेथून पुढे आपण स्कॉटीपेक्षा अधिक जाणतो. तो तिचे कपडे, केस बदलायला लावतो तेव्हा त्याचा हट्ट आपल्याला तिच्या बाजूने सोसावा लागतो. अशी दृश्ये वगळू नयेत. सिद्धान्ताची कसोटी त्यांवरच लागते.

काळाचे नियम न पाहता निवाडा देणे हीही चूकच. ‘रिबेका’ कादंबरीत पती आपली पत्नी रिबेका हिला गोळी घालतो, तर १९४० च्या चित्रपटात तिचा मृत्यू अपघाती ठरतो, कारण पत्नीचा खून करणारा नायक शिक्षेवाचून सुटणे हॉलिवूडच्या तत्कालीन निर्मितीसंहितेत (पडद्यावर काय दाखवावे याच्या नियमांत) बसत नव्हते. या बदलाने पतीचा दोष हलका झाला. रिबेका मात्र पडद्यावर एकदाही न दिसता दोषीच राहिली.

हिंदी चित्रपटांबाबत आपल्याकडे वेगळीच गफलत होते : गाणी बाजूला काढून कथेचे विश्लेषण केले जाते. ‘महल’ (१९४९) मध्ये आधी आवाज येतो, नायक त्या आवाजामागे भटकतो आणि मग झोक्यावरची कामिनी दिसते. तेव्हा आवाज आणि देह यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात. ‘आयेगा आनेवाला’चा विषय निघाला की १९२९ साली आपल्या इंदुरात जन्मलेल्या लताबाईंच्या अभिमानात आमची चर्चा हमखास वाहून जाते (त्यात गैर काही नाही), पण त्या गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे पात्राचेच नाव छापले होते, आणि चित्रपटात तर ही कामिनीसुद्धा माळ्याच्या मुलीने घेतलेले सोंग निघते.