रस्त्यावर अनोळखी माणसांचे फोटो: भीड कशी चेपते, परवानगी कशी घ्यायची

रस्त्यावर पहिल्यांदा कॅमेरा घेऊन उतरणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: लांबची लेन्स लाव आणि दुरून काढ. हा सल्ला मानू नका. २०० मिमीच्या लेन्सने पलीकडच्या फुटपाथवरून टिपलेल्या चेहऱ्याभोवती रस्ता उरतच नाही, आणि त्या माणसाच्या लक्षात आलं तर आपल्यावर पाळत ठेवली जातेय असंच त्याला वाटणार. लपायची सवय लागली की भीती जात नाही, मुरते.

२८ किंवा ३५ मिमीची, म्हणजे आजूबाजूचं बरंच टिपणारी, एकच लेन्स महिनाभर वापरा. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच फ्रेममध्ये काय येणार ते कळू लागेल. फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, ॲपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र) एफ/८ आणि मॅन्युअल (हाताने लावायचा) फोकस अडीच मीटरवर ठेवला, की साधारण १.७ ते ४.९ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. शटर १/५०० सेकंद, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर, कमाल ६४००. जवळून चालत जाणारा माणूस १/१२५ ला हललेला येऊ शकतो आणि नवख्याचे हातही थरथरतात. १/५०० दोन्ही सांभाळून घेतं. हे घरूनच लावून निघा. माणूस समोर असताना बटणांशी झटापट सुरू झाली की धीर तिथेच सुटतो.

पहिले चार-पाच दिवस माणसांच्या मागे जाऊच नका. चांगला उजेड पडणारा कोपरा शोधा, फ्रेम ठरवा आणि अर्धा तास तिथेच उभे राहा, कॅमेरा छातीशी, सगळ्यांना दिसेल असा. ज्याला फोटोत यायचं नाही तो वळसा घालून जाऊ शकतो, ही या पद्धतीतली मोठी सोय. प्रत्येक फोटोनंतर मान खाली घालून स्क्रीन बघत बसू नका. पुढचा क्षण निसटतो.

मग विचारायचा सराव. एका फेरीत दहा जणांना विचारायचं. होकार किती आले ते मोजायचं नाही. समोरून जा, गॉगल काढा, कॅमेरा खाली ठेवा. "नमस्कार, मी फोटोग्राफी शिकतोय. इथे उजेड छान पडलाय, तुमचा एक फोटो काढू का?" एवढं पुरे. "कशासाठी?" हा प्रश्न येणारच, तेव्हा फोटो कुठे दाखवणार ते खरं सांगा. उत्तर चाचरलं की नकार आलाच समजा. होकार मिळाल्यावर माणूस ताठ होतो. दोन फोटो काढा, कॅमेरा खाली घ्या, त्याच्या कामाबद्दल काहीतरी विचारा. खांदे सैल पडले की तिसरा काढा. बहुतेक वेळा तोच चांगला निघतो.

विचारलं तर घडणारी गोष्ट मोडेल, असेही प्रसंग असतात. तेव्हा आधी काढा, पण नंतर नजर भिडवा, मान डोलवा आणि तिथेच थांबा. मागच्या भिंतीचा फोटो काढत होतो असं भासवायची युक्ती बरेच जण शिकवतात. ती खोटेपणाची आहे, आणि समोरच्याला ती कळतेच.

वर आलेला तळहात, फिरवलेलं तोंड, एकदम वाढलेला चालण्याचा वेग, हे सगळे नकारच. कारण विचारू नका, हुज्जत घालू नका. काढलेला फोटो पुसायला सांगितलं तर त्याच्यासमोर पुसा, आणि पूर्ण पुसा. दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर दुसऱ्या कार्डावर प्रत उरू शकते. सलग काढलेल्या फोटोंपैकी एकच पुसला जातो. फोनमध्ये तो नुकत्याच पुसलेल्या फोटोंच्या फोल्डरमध्ये पडून राहतो. फिल्म असेल तर कुठेही दाखवणार नाही असा शब्द द्या, आणि पाळा.

काढण्याची मुभा म्हणजे छापण्याची मुभा नव्हे. कायदा देशोदेशी वेगळा आहे. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या एका १७ वर्षांच्या मुलीचा फोटो न विचारता मासिकात छापला गेला. १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २,००० डॉलरची भरपाई कायम ठेवली. फोटो सार्वजनिक जागी काढलेला होता, तरीही. जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर लेखी संमती घ्या: नाव, तारीख, वापर कशासाठी, सही. अल्पवयीन असेल तर पालकाची सही.

खरी कसोटी असते ती ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्यापाशी. झोपलेला, आजारी, नशेत असलेला, रडणारा माणूस. नकार आला नाही म्हणजे संमती मिळाली असं इथे धरता येत नाही. असे फोटो सोपे असतात, म्हणूनच नवखे त्यांच्याकडे वळतात. शिकताना ते काढूच नका. मुलांच्या बाबतीत आधी पालक, मग मूल, आणि मूल नको म्हणालं तर पालकांचा होकारही पुरेसा नाही.

इंटरनेटवर टाकण्याआधी फाइलमधली जीपीएसची नोंद (फोटो नेमका कुठे काढला ते सांगणारी) काढून टाका. ज्या जागी माणूस रोज दिसतो तिचं नाव देऊ नका, आणि निदान आठवडाभर थांबून मग टाका. स्वतःचा ईमेल लिहिलेल्या चिठ्ठ्या खिशात ठेवा: फोटो हवा असेल तर मागता येतो, आणि नंतर मन बदललं तर काढून टाका म्हणून कळवताही येतं.