मृगाआधी गायरी उपसा, मगच माडाकडे बघा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि जूनचे पहिले चार-पाच दिवस, एवढाच वेळ हातात आहे. कौलं शाकारायची असतात, लाकूडफाटा आत घ्यायचा असतो, शेवटचा आंबा उतरवायचा असतो. या गडबडीत गोठ्यामागची गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, तशीच राहते. रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यातही भुंग्याने माड जातात ते बहुतेक या एका हयगयीमुळे.

माडाचा कोंब खाल्लाय म्हणून कोणी बघायला बोलावलं, की मी आधी विचारतो, गायरी कुठे आहे? शेवटची तळापासून कधी उपसली होती? उत्तर बहुधा एकच असतं: वरवरचं खत काढतो, खालचं राहतं.

त्या खालच्याच थरात गेंड्या भुंगा वाढतो. मादी कुजत्या शेणात अंडी घालते. आठ-बारा दिवसांत अळी बाहेर येते आणि पुढचे तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त, तिथेच खात राहते. मग कोष, मग भुंगा. माडावर दिसतो तो शेवटचा टप्पा. रात्री उडत येतो, न उमललेल्या कोंबात शिरतो, चघळलेला भुसा भोकाबाहेर ढकलतो. महिन्या-दोन महिन्यांनी झावळी उमलते तेव्हा कात्रीने तिरकी कापल्यासारखी दिसते. कोवळी पोय (फुलोरा) खाल्ली तर तेवढे नारळ गेले. लहान रोप असेल तर अख्खं रोपच गेलं. आणि त्याच जखमेत लाल सोंड्या भुंगा अंडी घालतो. तो एकदा खोडात शिरला की मोठा माडही वाचवणं कठीण.

म्हणून आधी गायरी. खोरं घेऊन तळाची माती लागेपर्यंत उपसा. वरच्या सुक्या थरात फारसं काही सापडणार नाही. ओलसर, अर्धवट कुजलेला काळा थर लागला की एकेक ढेकूळ हाताने फोडा. आत अंगठ्याएवढी जाड, पांढरट, वाकडी होऊन पडलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसेल. एक दिसली तर आसपास आणखी असतातच. वेचा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. काढलेलं खत उन्हात पातळ पसरा, दोन दिवस कोंबड्या सोडा. घरात कोंबड्या असतील तर अर्धं काम त्याच करतात.

हे न करता खत टोपल्या भरभरून थेट माडाच्या आळ्यात ओतू नका. तसं केलंत तर अळ्या स्वतःच्या हाताने माडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवल्यात.

गायरीइतकंच पडलेलं खोड वाईट. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडे माड-पोफळी आडव्या झाल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. ज्या आगरांत ती खोडं उचलली गेली नाहीत, तिथे ती कुजून भुंग्याची घरं झाली. यंदा एखादा माड पडला किंवा तोडला असेल तर खोड फोडून पावसाआधी जाळा. बुंधा उकरून काढा. भाताच्या पेंढ्याचा कुजका ढीग, लाकडाच्या भुशाचा ढीग, तेही बघा.

उपसलेल्या गायरीत पुन्हा शेण पडायला लागलं की अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळायची. शिफारस एका घनमीटर खताला 5 वर 11 शून्यं इतक्या बीजाणूंची आहे. पाकिटावर ग्रॅमला 1 वर 8 शून्यं असा आकडा असेल, तर हिशेबाने घनमीटरला 5 किलो पूड लागते. दुकानात एक किलोचं पाकीट देऊन 'सगळ्या गायरीला पुरेल' असं सांगतात. तारीख उलटलेलं, उन्हात ठेवलेलं पाकीट तर घेऊच नका. खत ओलसर ठेवा, त्यावर बुरशीनाशकाचं पाणी पडू देऊ नका.

आता माड. कोंबात भोक दिसलं तर तारेच्या आकडीने भुंगा ओढून काढा आणि भोक उघडं सोडू नका. आतल्या तीन झावळ्यांच्या बेचक्यात 250 ग्रॅम निंबोळी पेंडीची पूड, तेवढीच बारीक वाळू मिसळून भरा. आता एकदा, सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदा, डिसेंबर-जानेवारीत एकदा. लहान रोपांना डांबरगोळ्या चालतात, 10 ते 12 ग्रॅम, वर वाळू, दीड महिन्याने पुन्हा. बंदरावर फाटकं नायलॉनचं जाळं मिळतं, त्याचे तुकडे बेचक्यात खोचले तर भुंगा पाय अडकून तिथेच मरतो.

दुकानदार या दिवसांत माडासाठी टॉनिक, दाणेदार विष, वाढीचं औषध काढून ठेवतो. कोंब भुंग्याने खाल्लाय, माड अशक्त नाही, मग टॉनिक कशाला? गंधसापळा (वासाने भुंगे ओढून पकडणारा) उपयोगी आहे, पण गायरी न उपसता एकट्याने लावला तर शेजारचेही भुंगे आपल्याकडे येतात, असं मला वाटतं. वाडीने मिळून लावावा.

आणखी एक, हे कुठल्या शिफारशीत नाही: मेमध्ये वळीव चांगला झाला की त्या वर्षी भोकं लवकर दिसतात. वळीव झाला असेल तर एक दिवसही थांबू नका.

बाकीची कामं, नेहमीची:

– पोफळीला कोळेरोगासाठी (यात सुपारी कुजून गळते) 1 टक्का बोर्डो मिश्रण: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी सुरी बुडवून बघा, तांबूस झाली तर चुना वाढवा. त्याच दिवशी संपवा. पुढची फवारणी 40-45 दिवसांनी.
– मोठ्या माडाला वर्षाला 1 किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, 1 किलो पालाश. युरिया-पोटॅश जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत.
– आळ्यात पाणी तुंबू नये म्हणून चर.
– पडवळ, दोडकी, काकडीचा मांडव.
– सुरण, अळू, हळदीची लागवड.
– मिरीच्या वेलाला बांधणी.

पाऊस लागल्यावर दर पंधरा दिवसांनी गायरीचा एक कोपरा उकरून बघा. ऑक्टोबरात उघडीप मिळाली की पुन्हा तळापर्यंत. शेजाऱ्याची गायरी कुंपणाला लागून असेल तर दोघांनी एकाच दिवशी उपसा, कारण भुंगा रात्री उडून येतो आणि त्याला कुंपण अडवत नाही.