माहेरी परतलेल्या बहिणीचा पैसा: आधी सिमकार्ड, मग वकील

मारहाण सोसून बहीण किंवा भाची माहेरी आली की घरचे आधी वकील शोधतात. वकील लागतोच, पण त्याआधी तिच्याच नावावर एक सिमकार्ड घ्या. जुनं सिम बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर असतं. ते त्याने बंद केलं किंवा दुसरं काढलं तर ओटीपी अडतात, नाहीतर त्याच्या हाती जातात. क्रम असा: नवं सिम, मग आधार केंद्रात स्वतः जाऊन नंबर बदलणं, मग नव्या बँकेत खातं. सासरच्या ओळखीपाळखीची शाखा टाळा.

खातं उघडताना एक काम हमखास राहतं. लाडकी बहीणचे १५०० रुपये आधारला जोडलेल्या खात्यात पडतात. ती जोडणी जुन्या खात्याची असेल तर पैसे तिकडेच जात राहतात. म्हणून ‘आधार सीडिंग’चा फॉर्म भरा आणि काही दिवसांनी जोडणी झाली का ते तपासा. संयुक्त खातं असेल तर दोघांच्या सहीशिवाय पैसे देऊ नयेत असा अर्ज देऊन पोच घ्या.

आता कर्ज. मायक्रोफायनान्सच्या गटात सही तिची आणि पैसा नवऱ्याने उडवलेला, हे खान्देशात नवं नाही. कंपनीच्या लेखी कर्जदार मात्र तीच. सिबिल आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या, दोन्हींचे रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा ते फुकट मिळतात. तिला माहीतच नसलेलं कर्ज दिसलं तर लगेच लेखी तक्रार करा. खरं असेल तर वसुलीवाला दारात येण्याआधी शाखेत जाऊन हप्ते लांबवून मागा.

पोटगीत सगळ्यात महाग पडतं ते समेटाची वाट पाहत बसणं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. अर्ज सहा महिने लांबला तर तेवढ्या महिन्यांची पोटगी सहसा बुडते. बोलणी चालू द्या, अर्जही चालू द्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती माहेरी राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, आणि अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, रक्कम पहिल्याच अर्जात मागता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

समोरचा म्हणणार, ‘शेती तोट्यात आहे.’ महाभूमी या सरकारी वेबसाइटवरून १५ रुपयांत त्याचा डिजिटल सातबारा काढा. त्यावर केळी किंवा बागायती कापूस लागलेला असेल तर तो कागदच बोलतो. केळीच्या विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) आणि दूध डेअरीची बिलं हाती लागली तर तीही जोडा.

पंचांसमोर स्टॅम्पवर फारकत लिहून ‘पुढे काही मागणार नाही’ अशी सही घेतात. हिंदू विवाहात असा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. समाजाची तशी रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच तो टिकतो. वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको, एकरकमी कितीही मोठी दिसली तरी.

स्त्रीधनाची यादी लग्नाचे फोटो समोर ठेवून करा. बिल हरवलं असेल तर जळगावच्या सराफाकडे लग्नाची तारीख सांगून नक्कल मागा. जुन्या नोंदी पुष्कळ ठिकाणी असतात.

एवढं झाल्यावर माहेरचा वाटा येतो, आणि इथेच घरचे चुकतात. दर महिन्याला ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला तिच्या खात्यात टाका. ‘लागेल तसं माग’ म्हटलं की तिला पुन्हा हात पसरावा लागतो. पासबुक भावाने सांभाळायचं नाही. ती घरच्या शेतात निंदणी-वेचणी करत असेल तर बाहेरच्या बाईला देता तोच रोज तिला द्या. उडदाच्या पापडाचा धंदा करायचा म्हणाली तर पहिला उन्हाळा मशीन न घेता काढा आणि ऑर्डरचे निम्मे पैसे आधी घ्या. उधारीवर गेलेले पापड वसूल होईस्तोवर दुसऱ्या घाण्याच्या उडदाला पैसा उरत नाही.

याच काळात घरात हक्कसोड पत्राचा, म्हणजे तिने जमिनीतला वाटा सोडण्याचा, विषय काढू नका. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत २००५ पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि आत्ता तिच्याकडे तेवढंच तारण असतं.