रेकॉर्डची सुई लवकर जाते? या चुका टाळा

‘सुई गेली’ म्हणून आपण जी काढून टाकतो, ती बऱ्याचदा झिजलेली नसतेच. मळलेली असते, नाहीतर हाताळून वाकलेली. हिऱ्याचं टोक इतक्या सहज झिजत नाही. ऑडिओ-टेक्निका कंपनी साध्या गोल टोकाला सुमारे ५०० तास देते, लंबगोलाला ३०० आणि मायक्रोलिनियरला (खास बारीक घडवलेल्या टोकाला) १०००. रोज एक एलपी ऐकली, तरी गोल टोकाची सुई दीड वर्ष आरामात चालायला हवी. त्याआधीच आवाज फाटत असेल तर खर्च करण्यापूर्वी खालचं तपासा.

बोटाने पुसणं. बऱ्याच सुया यातच जातात. बोटाचा तेलकटपणा टोकाला लागतो, त्यावर धूळ घट्ट बसते आणि एखाद्या दिवशी जोर जास्त झाला की सुईची दांडी वाकते. मऊ ब्रश घ्या आणि मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड फिरते त्याच दिशेने, हलकेच ओढा. आडवा कधीच नको. स्पिरिट वापरायचंच तर ब्रशच्या टोकाला जेमतेम ओल लागेल इतकंच. जास्त झालं तर वर चढून हिरा चिकटवलेला गोंद आणि आतलं रबर खराब करतं.

बेळगावच्या शहापूर-वडगावात मागाजवळ घर असेल, तर सुताचा तूस झाकण बंद असतानाही आत शिरतो. रेकॉर्ड लावण्याआधी कार्बन ब्रश फिरवायचा कंटाळा करू नका. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्यांना वेगळाच त्रास: सुई ज्यात बसते त्या डबीला कार्ट्रिज म्हणतात; मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये लोहचुंबक असतं आणि कपड्यांवरून आलेला लोखंडाचा बारीक कीस त्याला जाऊन चिकटतो. हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच रेकॉर्डला हात लावा.

नाणं चिकटवणं. सुई उडते म्हणून हेडशेलवर (आर्मच्या टोकाला, जिथे कार्ट्रिज बसतं तिथे) रुपया चिकटवलेला अजूनही दिसतो. रुपयाचं वजन तीन ग्रॅमच्या वर. ऑर्टोफोनच्या टू-एम रेड कार्ट्रिजला १.८ ग्रॅम पुरतात, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५ईला २ ग्रॅम. म्हणजे दुपटीहून जास्त भार! पण ‘हलकं ठेवलं की सुई टिकते’ हाही भ्रमच. कमी भाराने सुई खाचेत नाचते, भिंतींवर आपटते आणि रेकॉर्ड कायमची खरवडते. अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) शून्यावर ठेवा, काउंटरवेट म्हणजे आर्मच्या मागचं वजन फिरवून आर्म हवेत समतोल तरंगता करा, त्यावरची आकड्यांची रिंग शून्यावर आणा, मग पूर्ण काउंटरवेट फिरवून कंपनीने सांगितलेला भार द्या. छोटा डिजिटल काटा घेतलात तर अंदाजावर राहावं लागत नाही.

एकाच सुईवर सगळं. आपल्या भागात आजोबांच्या ट्रंकेत नाट्यसंगीताच्या, सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या) तबकड्या निघतात. त्या एलपीच्या सुईवर लावू नका. ७८ची खाच रुंद. एलपीचं बारीक टोक तिच्या तळाशी जाऊन कचऱ्यातून घासत राहतं, शिवाय लाखेच्या मिश्रणातली दगडाची पूड हिऱ्यालाही खाते. त्यासाठी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई लागते. व्हीएम९५ मालिकेत ती त्याच कार्ट्रिजवर बसते, भार मात्र ५ ग्रॅमच्या आसपास. आणि ७८ कधीही स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.

पावसाळा. जून ते सप्टेंबर खानापूरकडच्या घरांत कव्हरांना बुरशी धरते. जुन्या प्लेअरमध्ये क्रिस्टल कार्ट्रिज असेल तर त्यातला रोशेल क्षार दमटपणात कायमचा बिघडतो. तिथे नवी सुई लावून काही होत नाही, कार्ट्रिजच बदलावं लागतं. आजच्या कार्ट्रिजला ती भीती नाही, पण हेडशेलच्या पिना काळ्या पडतात.

म्हणून एका बाजूचा स्पीकर वाजेनासा झाला, की लगेच ‘सुई बदलूया की ओ’ म्हणू नका. अॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागे टर्नटेबलकडून आलेल्या डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करा. आता दुसरा स्पीकर मुका झाला तर बिघाड टर्नटेबलकडे. आधी हेडशेलच्या पिना आणि तारा साफ करा. तोच स्पीकर मुका राहिला तर अॅम्प्लिफायर किंवा स्पीकर बघा. ‘स’, ‘श’ शेवटच्या गाण्यालाच फाटत असतील, तर सुई साफ करून कार्ट्रिज सरळ बसलंय का ते कागदी प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिजचा कोन तपासायच्या आखीव कागदावर) बघा. हे सगळं ठीक असूनही पहिल्या गाण्यापासून फाटतंय आणि तास भरत आलेत, मगच नवी सुई घ्या. जुनी काढण्याआधी तिच्यावरचा नंबर मोबाइलवर टिपून ठेवा.