राखणीसाठी नर घ्यावा की मादी? पिल्लू आणण्याआधी या चुका टाळा

फोन साधारण असाच येतो.

"रॉटवायलरचं पिल्लू घेतोय. बंगल्याला राखण हवी. नरच घेऊ ना?"

"घरात आधीचं कुत्रं आहे?"

"आहे ना, लॅब. चार वर्षांचा."

"नसबंदी झालीय?"

"नाही हो, कशाला उगाच!"

"दिवसभर घरी कोण असतं?"

"आई असते."

"वय?"

"अडुसष्ट."

इथे पलीकडून जरा वेळ आवाज येत नाही. माणूस हुशार असतो, त्याचं त्यालाच कळायला लागलेलं असतं. नर की मादी हा प्रश्न वाईट नाही, पण तो पहिला विचारला की पुढचं सगळं गणित बिघडतं. आधी घर बघायचं, मग पिल्लाची आई, आणि नर-मादी त्यानंतर.

"राखण करावी ती नरानेच"

हा समज फार जुना. नराचं डोकं मोठं, छाती रुंद, फाटकाबाहेरच्या माणसावर वचक बसतो हे खरं. पण चोर परत फिरतो तो भुंकण्याने, आणि भुंकण्यात मादी तसूभरही कमी नसते. माझ्या पाहण्यात मादी घराच्या आसपास जास्त घुटमळते. नराचं निम्मं लक्ष कुंपणापलीकडे कोणता कुत्रा मुतून गेला याकडे असतं. प्रत्येक नर असा आणि प्रत्येक मादी तशी, असं अर्थातच नाही. एकाच वेताच्या दोन भावांत जेवढा फरक दिसतो, तेवढा कधी कधी नर-मादीत दिसत नाही.

वजनाचं मात्र नीट बघा. एफसीआय या कुत्र्यांच्या जातींची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेप्रमाणे रॉटवायलर नर साधारण ५० किलोचा, मादी ४२ किलोची. डॉबरमन नर ४० ते ४५, मादी ३२ ते ३५. जर्मन शेफर्ड नर ३० ते ४०, मादी २२ ते ३२. म्हणजे रॉटवायलरची मादीसुद्धा जर्मन शेफर्डच्या नराहून भारी. "आईला झेपावं म्हणून मादी घेतो" म्हणणाऱ्याने आधी जात बदलायचा विचार करावा, कारण नर-मादीने पडणारा फरक त्यापुढे किरकोळ आहे. वाण्याकडे ५० किलोचं गव्हाचं पोतं असतं. आईंना ते फरशीवरून हातभर ओढायला सांगा. आणि ते पोतं मांजर दिसल्यावर धावत सुटत नाही, हेही लक्षात असू द्या.

घरातल्या कुत्र्याला न विचारता आणलेलं पिल्लू

या चुकीचे फोन दीड-दोन वर्षांनी येतात, म्हणून ती कुणाच्या लक्षात राहत नाही. पहिले सहा महिने सगळं छान असतं. म्हातारा कुत्रा आणि पिल्लू एका गोणपाटावर झोपलेत असे फोटो येतात. मग पिल्लू वयात येतं आणि एका संध्याकाळी भाकरीच्या तुकड्यावरून जुंपते. त्यानंतर दोघांना एका खोलीत ठेवायची सोय उरत नाही.

नर-नर जोडीत कुरबुरी जास्त वेळा होतात, पण पुष्कळदा त्या गुरगुरण्यावर भागतात. दोन माद्यांचं भांडण क्वचित होतं, पण झालं की मनात राहतं. पुन्हा नजरानजर होताच सुरू. राखणीच्या जातींत हे अधिकच, कारण आपली जागा न सोडणं त्यांच्या रक्तात आहे. त्यामुळे घरात नर असेल तर मादी आणि मादी असेल तर नर, हा साधा नियम मोडण्याआधी दहादा विचार करा. "एकमेकांना सोबत" म्हणून एकाच वेताची दोन पिल्लं आणू नका. ती एकमेकांचीच होऊन बसतात आणि तुमचं ऐकणं दुसऱ्या नंबरवर जातं.

आणि जुंपलीच, तर मध्ये हात घालू नका. पट्टा धरायला जाणाऱ्याचाच हात फाटतो. पाण्याची नळी मारा, जाड चादर टाका, लाकडी फळी मध्ये सरकवा. नंतर महिनाभर जेवण, झोप, फिरणं वेगवेगळं. नरांमधलं वैर नसबंदीने कधी कधी निवळतं, दोन माद्यांचं त्याने मिटेल अशी आशा धरू नका.

मादी घेताना कॅलेंडर न बघणं

आपल्याकडे कुत्र्यांचा हंगाम म्हटलं की भाद्रपद. गल्लीतल्या कुत्र्यांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. घरात पाळलेल्या डॉबरमनला पंचांग कळत नाही. ती पौषात माजावर येईल, नाहीतर ऐन वैशाखात, दारात लग्नाचा मांडव असताना. पहिला माज बहुधा ६ ते १२ महिन्यांत, मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंतही लांबतो. पुढे साधारण वर्षातून दोनदा, दर वेळी तीन आठवडे.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. पहिले आठ-नऊ दिवस रक्ताचे थेंब पडतात, लादी पुसून घरचे कंटाळतात. मग डाग फिकट होत जातात. घरचे म्हणतात, संपलं एकदाचं, आणि तिला अंगणात मोकळी सोडतात. प्रत्यक्षात गर्भ राहायचे दिवस तेव्हाच सुरू झालेले असतात. ती शेपटी बाजूला घेऊन उभी राहायला लागली की ओळखा.

एका बंगल्याच्या फाटकाशी मी सकाळी सात कुत्री मोजली होती. एक पांढरा, कान फाटलेला, तिसऱ्या दिवशी फाटकाखालची माती उकरून आत आला. साडेपाच फुटांची भिंत होती, काचा लावलेली. फाटकाखालच्या वीतभर फटीचा विचार कुणी केला नव्हता. घरच्यांनी दोघांना काठीने सोडवायला सुरुवात केली. असं कधीच करू नका, दोघांनाही इजा होते. गाठ आपोआप सुटेपर्यंत थांबायचं आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. "एक सुई मारली की झालं" असं कुणी सांगितलं तर कोणती सुई हे विचारा. गर्भ राहू नये म्हणून पूर्वी सर्रास देत ती इस्ट्रोजेनची इंजेक्शनं आणि माजच येऊ नये म्हणून देतात ती हार्मोनची इंजेक्शनं, दोन्हींनी गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

हा पू होण्याचा आजार, पायोमेट्रा, नसबंदी न केलेल्या मादीच्या मालकाला माहीत असलाच पाहिजे. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागते, सारखी मुतते, जेवण सोडते, कधी ओकते. मागून घाण येतेच असं नाही. गर्भाशयाचं तोंड बंद असलेला प्रकार तर जास्त धोक्याचा. "उन्हामुळे पाणी पीत असेल" म्हणून दोन दिवस घालवू नका, त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या.

नसबंदी फार लवकर, नाहीतर कधीच नाही

दोन्ही टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतो, सहा महिन्यांतच उरकून टाकू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी अनेक जातींच्या नोंदी तपासल्या. जर्मन शेफर्ड आणि रॉटवायलरमध्ये वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांत सांध्यांचे विकार जास्त दिसले. म्हणून या जातींत वाढ पुरी होऊ द्यावी, असं आता बरेच डॉक्टर सांगतात. मादीत मात्र तोलून बघावं लागतं, कारण जितके माज जास्त होतील तितका स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो. तुमच्या कुत्रीचं वय, जात, घराची भिंत हे सगळं डॉक्टरपुढे ठेवून तारीख ठरवा.

दुसरा म्हणतो, "एकदा तरी व्यायला हवी, नाहीतर ती अपुरी राहते." याला काही आधार नाही. नसबंदीने कुत्रं राखण सोडतं, हेही तसंच. भटकणं कमी होईल, गाडीच्या टायरवर तंगडी वर करणं कमी होईल. परक्याला बघून भुंकणं नराच्या त्या दोन गोळ्यांवर, म्हणजे वृषणांवर, अवलंबून नसतं.

गोळ्यांवरून आठवलं. नर पिल्लू घेताना दोन्ही गोळ्या खाली उतरल्यात का, हे डॉक्टरकडून हाताने तपासून घ्या. आठ आठवड्यांपर्यंत बहुतेकांच्या उतरतात. पोटात राहिलेल्या गोळीत पुढे गाठ व्हायची शक्यता वाढते आणि ऑपरेशनही मोठं होतं.

"मादी घ्या, पिल्लं विकून पैसे वसूल"

हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडचं. त्याचा हिशेब बरोबर असतो, तुमचा नसतो. ६३ दिवसांचं गर्भारपण, कदाचित सिझेरियन, मग सात-आठ पिल्लांच्या रात्री, जंतांची औषधं, लशी, आणि शेवटी न विकलेली दोन पिल्लं तीन महिन्यांची होऊन सोफा फाडतायत. शिवाय २०१७ च्या नियमांप्रमाणे पिल्लं विकण्यासाठी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि १८ महिन्यांच्या आतल्या मादीकडून पिल्लं घेता येत नाहीत. "पहिल्या वेतातलं एक पिल्लू मला परत द्या, किंमत कमी करतो" या सौद्यात तर पडूच नका.

त्याच नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. तरी ३५ दिवसांची पिल्लं टोपलीत घालून दाखवतात. तेवढ्या लहानपणी त्यातला धीट कोण आणि घाबरट कोण, तेही कळत नाही. पिल्लांची आई बघायचीच. "आई गावाला आहे" असं ऐकलं की गाडी फिरवा. परक्याला बघून ती कोपऱ्यात दबते का, अंगावर येते का, की मालकाने हाक मारल्यावर शांत होते, यातून जे कळतं ते पिल्लाच्या शेपटीखाली बघून कळत नाही.

मळ्यावरच्या घराचं निराळं

जुन्नर, अकोले भागात उसाच्या कडेला घर असेल तर "दणकट नर ठेवू, बिबट्याला भिडेल" हा विचार सोडून द्या. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. रात्री साखळीला बांधलेलं कुत्रं, नर असो वा मादी, ताटात वाढून ठेवल्यासारखं असतं. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला, पण अंधार पडला की जाळीच्या बंद खोलीत घ्या. भुंकायचं काम ते आतूनही करतं.

लॅबवाल्यांचा परवा पुन्हा फोन आला. मादी ठरली, जर्मन शेफर्ड, नऊ आठवड्यांची, आई बघून घेतली. आता विचारत होते, आधी नसबंदी कुणाची? म्हटलं, लॅबची, याच महिन्यात. त्याची वाढ पुरी झालीय, ऑपरेशन सोपं आहे. आणि ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, म्हणून हिच्या पहिल्या माजाची वाट बघत बसायचं नाही. "आणि फाटकाखालची फट?" त्यांनीच विचारलं. ती आधी बुजवा.