एअर रायफलचे छर्रे सरकत होते, त्याचे कारण

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर सराव करताना माझ्या १० मीटर एअर रायफलचे पहिले आठ-दहा छर्रे एकाच भोकात जात आणि पुढचे हळूहळू डावीकडे वर सरकत. या प्रकारात लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असल्याने एवढा फरकही गुण खातो. पंधरा दिवस मी माझ्या श्वासाला आणि ट्रिगरवरच्या बोटाला दोष देत राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते.

शेवटी रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून झाडली, तेव्हाही छर्रे तसेच सरकले, म्हणजे दोष माझ्या हाताचा नव्हता. ४.४९ ऐवजी ४.५० मिलिमीटर व्यासाचे छर्रे वापरूनही सरकणे थांबले नाही. मग रायफल रिकामी असल्याची खात्री करून बॅरलच्या पुढे बसणारी जोडनळी हाताने हलवून पाहिली, तर ती केसभर हलत होती. नेम धरण्याची पुढची साइट याच नळीवर असते. नळी घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू ढिला झाल्यामुळे प्रत्येक झटक्याने ती उजवीकडे खाली झुकत होती, आणि पुढची साइट ज्या दिशेला जाते त्याच्या नेमक्या उलट दिशेला छर्रा लागतो.

नळी काढून ती जिथे बसते तिथले तेल पुसले, ती सरळ बसवली आणि माहितीपुस्तिकेत दिलेल्या ताणाइतकाच स्क्रू टॉर्क पान्याने आवळला. त्यानंतर झाडलेले साठही छर्रे जागेवरच लागले.